पॉलिसी मालकाची, ओटीपी एजंटाच्या मोबाइलवर

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

भुसावळ आणि जळगावात मी भाड्याच्या घरांची कामं बघतो. मालक बहुतेक बाहेरगावी आहेत, कोणी पुण्यात, कोणी सुरतेत, दोघं आखातात. भाडेकरू शोधणं, करार नोंदवणं, भाडं जमा करणं, नळ-लाइटची दुरुस्ती, सगळं माझ्याकडे. पुढे काही मालकांनी घराचा विमाही मलाच काढायला सांगितला. मी मोबाइलवरून ऑनलाइन पॉलिसी काढल्या. सगळीकडे माझाच नंबर आणि माझाच ईमेल टाकला, कारण प्रत्येक ओटीपीसाठी मालकाला फोन करणं जमत नाही. हप्ताही माझ्या यूपीआयवरून भरला आणि नंतर भाड्यातून वळता केला. सुरतेचे आमचे एक आप्पा तर म्हणालेच होते, "तूच भर, तूच देख, माले काही इचारू नको."

गेल्या मे महिन्यातल्या वादळात त्यांच्याच घराचं नुकसान झालं. धाब्यावरची, म्हणजे घराच्या सपाट छतावरची, पाण्याची टाकी कोसळली, कठड्याची भिंत पडली, पत्रे उडाले, वरच्या दोन खोल्या राहण्यासारख्या उरल्या नाहीत. भाडेकरू घर सोडून गेला. क्लेम टाकला तर कंपनी विचारते, फॉर्मवर 'मालक स्वतः राहतो' असं का लिहिलं, हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून का आला, भाडं चालू होतं याचा पुरावा काय. आप्पा माझ्यावर नाराज आहेत आणि मला रात्री झोप लागत नाही.

बाहेरच्या देशांत घरमालकाचा वेगळा विमा असतो, भाडं बुडालं तरी पैसे मिळतात, असं ऐकलं. तो आपल्याकडे मिळतो का? सगळ्या घरांच्या पॉलिसी ऑनलाइन नीट सांभाळायच्या तर कशा? आणि या कामाचं कमिशन मला घेता येतं का?

एक घरभाडे एजंट, भुसावळ

उत्तर

भाऊ, आधी आप्पांचा क्लेम, कारण तिथे दिवस जात आहेत.

कंपनीच्या पत्राला उत्तर आप्पांनी द्यायचं, स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या ईमेलवरून. तुम्ही मजकूर लिहून द्या, वाचून दाखवा, पण पाठवू द्या त्यांनाच. मजकुरात काही लपवायचं नाही. आप्पांच्याच शब्दांत: "घर भाड्यानं दिलेलं होतं, फॉर्म माझ्या सांगण्यावरून माझ्या एजंटानं भरला, 'मालक स्वतः राहतो' हा पर्याय चुकीनं निवडला गेला, हप्ता एजंटानं माझ्या वतीनं भरला आणि मी तो भाड्यातून त्याला परत दिला." एवढं सरळ लिहावं. सोबत नोंदणीकृत भाडेकरार, भाडं जमा झाल्याचे बँकेचे उतारे, तुमच्या-त्यांच्यातल्या हिशेबाचं पान आणि भाडेकरूनं घर सोडल्याची तारीख जोडावी. कोणी सांगेल की मागची तारीख टाकून एक कागद करून घ्या, भाडेकरू नव्हताच असं म्हणा. तसं चुकूनही करू नका. चुकीची नोंद ही खुलासा करण्यासारखी गोष्ट आहे. खोटा कागद सापडला तर पूर्ण क्लेम जातो आणि त्यानंतर कोणीही मदत करू शकत नाही.

कंपनी काय ठरवेल हे मी आज सांगू शकत नाही, पण आप्पांची बाजू अगदीच पडकी नाही. वादळानं टाकी पडली, पत्रे उडाले, या नुकसानाचा घरात कोण राहत होतं याच्याशी काही संबंध नाही. घर भाड्यानं आहे हे माहीत असतं तर कंपनीनं विमा दिलाच नसता का, की वेगळ्या दरानं दिला असता, हे कंपनीनं दाखवावं असा मुद्दा आप्पा पत्रात शांतपणे मांडू शकतात. भाडं बुडाल्याचा भाग मात्र कराराच्या पुराव्यावरच उभा राहील. म्हणून विचारते, करार नोंदवलेला आहे ना? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधल्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, आणि विमा कंपनीपुढेही नुसत्या शंभराच्या स्टँपपेपरवर फारसं वजन पडत नाही. तुम्ही भाडेकरारांची (लिव्ह अँड लायसन्सची) ऑनलाइन नोंदणी करत असताच, तेव्हा हा कागद तुमच्याकडे असेल असं धरून चालते.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करूनही महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल आहेत. फी नाही, वकील लागत नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. आप्पांचं घर भुसावळला आणि राहणं सुरतेला, म्हणून त्यांना वाट निवडता येते: स्वतः राहतात तिथलं लोकपाल कार्यालय अहमदाबादला, आणि ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे ती जळगाव भागातली असेल तर पुण्याला. सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे त्यांना एवढा प्रवास करायची गरज नाही. पण ही तक्रार पॉलिसीधारकानं, किंवा तो नसेल तर त्याच्या वारसानं अथवा नॉमिनीनं करायची असते. एजंटाची तक्रार तिथे घेत नाहीत. "माले काही इचारू नको" म्हणणाऱ्या आप्पांना हे नीट समजावून सांगा. विमा त्यांचा आहे, शेवटी बोलायला त्यांनाच उभं राहावं लागणार.

आता तुमच्या पद्धतीबद्दल. तुम्ही हे सगळं मालकांच्या सोयीसाठी केलं, यात मला शंका नाही. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाचं घर आपल्या घरासारखं सांभाळणारे लोक आपल्या भागात आहेत म्हणून तर निम्मी भुसावळ भाड्यानं चालते, रेल्वेवाले, दीपनगरच्या वीज केंद्रातले, वरणगावच्या कारखान्यातले. पण सोय करता करता तीन गोष्टी तुमच्याकडे आल्या ज्या मालकाच्याच हातात राहायला हव्या होत्या: त्याचा मोबाइल नंबर, त्याचे पैसे आणि त्याचं 'हो'. बाकी सगळं तुम्ही सांभाळा. या तीन गोष्टी आजपासून परत करा.

मोबाइल नंबर आधी. 1 जानेवारी 2023 पासून प्रत्येक विमा पॉलिसीसाठी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, सक्तीची आहे, आणि ती मालकाची होते. पॅन-आधार त्यांचं आणि नंबर तुमचा, असं झालं की क्लेमच्या वेळी कंपनीला वाटतं हा माणूस कोण. शिवाय रिन्यूअलचा संदेश, क्लेमचा संदेश, परत आलेल्या पैशांचा संदेश, सगळं तुमच्या फोनवर येतं आणि मालक अंधारात. उद्या तुमचा फोन हरवला, किंवा तुम्हीच आजारी पडलात, तर वीस घरांच्या पॉलिसी एकदम मुक्या होतात. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवेला ईमेल करून नंबर, ईमेल आणि पत्ता बदलून घेता येतो. बदल झाल्याचं पत्र येतं, त्याला एंडोर्समेंट म्हणतात, ते जपून ठेवायचं. आखातातल्या दोघांचा भारतातला नंबर बंद असेल तर आधी ईमेल दुरुस्त करा, आणि घरच्या एखाद्या माणसाचा नंबर टाकायचा तर तो मालकाच्या लेखी सांगण्यावरून टाका.

प्रत्येक ओटीपीसाठी मालकाला फोन करणं जमत नाही असं तुम्ही लिहिता. खरं तर वर्षातून एका घरामागे तो फोन एखाद-दोनदाच लागतो. दिवस ठरवून घ्या. रविवारी सकाळी अकरा वाजता आप्पांना फोन, त्यांच्या समोर फॉर्म वाचून दाखवायचा, ओटीपी त्यांनी स्वतःच्या फोनवर टाकायचा किंवा पैसे भरण्याची लिंक त्यांच्याकडे पाठवायची. तेवढ्या दहा मिनिटांत त्यांना कळतं की आपल्या घराचं काय लिहिलं जातंय. 'मालक स्वतः राहतो' ही ओळ तेव्हा वाचली गेली असती तर आप्पाच म्हणाले असते, अरे, मी तर सुरतेला आहे.

पैशांचं जास्त गंभीर आहे. विमा कायदा 1938 मधल्या कलम 64 व्हीबी प्रमाणे हप्ता कंपनीकडे आगाऊ पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. मालकानं तुम्हाला पैसे दिले, किंवा तुम्ही भाड्यातून कापून ठेवले, म्हणून विमा चालू झाला असं होत नाही. महिनाअखेरीला हिशेब करून भरू म्हणून थांबलात आणि त्या चार दिवसांत आग लागली, तर ते नुकसान तुमच्या आणि मालकाच्या मध्ये येऊन पडेल. हप्ता मालकाच्या खात्यातूनच जाऊ द्या. परतावा आला, क्लेम आला, तर तोही मालकाच्याच बँक खात्यात जाईल, त्यासाठी खात्याचा तपशील आधीच नोंदवलेला असावा. घरावर कर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत येतं आणि क्लेमच्या पैशांवर बँकेचा हक्क असतो. हे मालकाला आजच सांगून ठेवा, क्लेमच्या दिवशी नको.

आधार कार्डांचे फोटोही तुमच्या फोनच्या गॅलरीत असतील. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते, चालेल तिथे तीच घ्या. काम झालं की फोटो काढून टाका. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत ते.

आता बाहेरच्या देशांतला विमा. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात भाड्यानं दिलेल्या घरासाठी वेगळी पॉलिसी मिळते आणि भाडेकरूनं भाडं थकवलं तर ते भरून देणारं कलम जास्तीचे पैसे देऊन घेता येतं. आपल्याकडे राहत्या घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकच प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते, 'भारत गृह रक्षा'. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. भाड्याच्या घराला हीच पॉलिसी घ्यायची, फक्त घर भाड्यानं दिलेलं आहे हे खरं लिहून. तिच्यात भाड्याचं नुकसान भरून मिळतं, पण कशामुळे? आग, वादळ, पूर, भूकंप अशा विमा असलेल्या कारणानं घर राहण्याजोगं राहिलं नाही आणि भाडं थांबलं, तर. भाडेकरू दोन महिन्यांचं भाडं बुडवून रात्रीतून निघून गेला, तर ही पॉलिसी एक रुपया देणार नाही. त्यासाठी तुमचं हत्यार म्हणजे डिपॉझिट, पोलिस पडताळणी आणि नोंदवलेला करार. कोणी तुम्हाला 'भाडं बुडालं तरी मिळतं' म्हणून पॉलिसी विकायला आला तर ते वाक्य पॉलिसीच्या कोणत्या पानावर लिहिलंय ते दाखवायला सांगा.

मालकांना सांगायला आणखी दोन-तीन गोष्टी आहेत, कारण यांवरूनच मागाहून भांडणं होतात. साधी घरफोडी या पॉलिसीत येत नाही. वादळ, आग, पूर असं काही झालं आणि त्या गोंधळात सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तेवढी येते. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, घराला कुलूप आहे, अशा काळात घरफोडीचं वेगळं संरक्षण हवं असेल तर ते मागून घ्यावं लागतं. आणि रिकाम्या घराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून घर रिकामं झाल्याची तारीख कंपनीला ईमेलनं कळवून टाका. दुसरी गोष्ट शॉर्टसर्किटची. जळगाव-भुसावळचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो, कूलर आणि एसी दिवसरात्र चालतात, जुन्या वायरिंगवर भार येतो. एसीतच शॉर्टसर्किट होऊन एसी जळाला, तर त्या एसीची भरपाई मिळत नाही. त्याच्यातून आग लागून खोली जळाली, तर खोलीची मिळते. सीलिंगमधून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी, रंगाचे पोपडे, हे झीज म्हणून बाहेर. पण टाकी किंवा पाइप फुटून किंवा टाकी भरून वाहून झालेलं नुकसान आत येतं, आणि पाणी चार-चार दिवसांनी येणाऱ्या आपल्या गावांत नळ चालू ठेवून झोपणारे भाडेकरू कमी नाहीत.

आणि कापूस. हे मला मोकळेपणानं लिहायचं आहे. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवणं आपल्याकडे नवीन नाही. मालकाचा भाऊ गावाकडून ट्रॉली आणतो आणि भाड्याच्या घराची खालची खोली 'दिवाळीपर्यंत फक्त' म्हणून भरतो, किंवा भाडेकरूच व्यापारी असतो आणि पुढच्या खोलीत गाठी ठेवतो. फॉर्मवर घर 'राहण्यासाठी' लिहिलेलं असतं. त्या कापसाला ठिणगी लागली तर घर वाचणं कठीण, आणि क्लेममध्ये पहिला प्रश्न हाच येईल की हे घर होतं की गोदाम. वापर बदलला की कंपनीला कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मेस, क्लासेस, शिलाईचा छोटा कारखाना, तिघांच्या जागी बारा पोरांचं हॉस्टेल, सगळ्याला हाच नियम. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असेल तर दुकानाचा भाग गृह रक्षामध्ये बसवू नका. पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्याच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. तुम्ही भाडं घ्यायला किंवा दुरुस्ती बघायला घरी जाताच. जाल तेव्हा खोल्यांत काय आहे ते बघा आणि बदल दिसला तर त्याच दिवशी मालकाला लिहून कळवा. सुरतेत बसलेल्या माणसाला हे दिसू शकत नाही. तुमच्या कामाची खरी किंमत इथे आहे.

धाब्याच्या घरांचंही तसंच. अमळनेर, यावलच्या जुन्या वस्तीत माती-लाकडाची धाबी असलेली घरं भाड्यानं आहेत. बांधकामाच्या रकान्यात 'आरसीसी' निवडला की फॉर्म पटकन पुढे सरकतो, म्हणून तो निवडला जातो. भिंत कशाची, छत कशाचं, घर किती वर्षांचं, हे जसं आहे तसं लिहा. हप्ता थोडा वाढेल किंवा कंपनी चौकशी करेल. तरी खरंच लिहा.

विम्याची रक्कम ठरवताना घराची बाजारातली किंमत घेऊ नका, जमिनीचा विमा होत नसतो. चटई क्षेत्र गुणिले तुमच्या गावातला आजचा बांधकामाचा दर, एवढंच. 900 चौरस फूट आणि दर 1,800 रुपये धरला तर 16,20,000. दर कोणा ओळखीच्या बांधकाम ठेकेदाराकडून लेखी घ्या, वर्षातून एकदा. धाब्यावरची पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत, सोलर पॅनेल, गाडीचं शेड, हेही घराचाच भाग धरलं जातं, पण त्यांचा खर्च त्या रकमेत मिळवलेला असावा. घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढं घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. वरच्या घरात ते 3,24,000 होतं, आणि ते मालकाच्या सामानाचं: पंखे, कपाटं, गिझर, तुम्ही करारात यादी देता ते. भाडेकरूचा टीव्ही आणि कपडे त्यात नाहीत. त्याला हवं तर त्यानं स्वतःच्या नावानं फक्त सामानाची पॉलिसी काढावी. हे करार करतानाच त्याला सांगा, करारात एक ओळही घाला.

पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची एकदम घेता येते आणि घराची रक्कम दर वर्षी आपोआप 10 टक्के वाढत जाते, वाढीचा वेगळा हप्ता नाही. जे मालक वर्षावर्षाला फोन उचलत नाहीत त्यांच्यासाठी तीन किंवा पाच वर्षांची घेणं मला बरं वाटतं. मात्र त्यात भाडेकरू आणि वापर बदलत राहणार, तेव्हा कळवण्याचं काम सुटत नाही. अकरा महिन्यांच्या कराराबरोबर पॉलिसीची तारीख जोडायला जाऊ नका. भाडेकरू बदलला म्हणून पॉलिसी थांबत नाही, आणि करार संपला म्हणून ती काढून टाकायचीही नाही. हप्त्यावरच्या जीएसटीबद्दल मालक विचारतील, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. घराच्या विम्यावर तो 18 टक्के चालूच आहे. मध्ये तुम्ही पैसे खाल्ले असा संशय यायला नको म्हणून पावती त्यांच्याच ईमेलवर थेट जाऊ द्या.

सगळ्या पॉलिसी एका जागी ठेवायची तुमची इच्छा चांगली आहे, फक्त ती जागा एका लॉगिनची नको. मालकाला स्वतःचं ई-विमा खातं मोफत उघडता येतं. 1 एप्रिल 2024 पासून नव्या पॉलिसी इलेक्ट्रॉनिक रूपात देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं आहे, तेव्हा त्या खात्यात सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी जमा राहतात. चाळीसगावला 31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं होतं. तशा पाण्यात कपाटातले कागद टिकत नाहीत, खात्यातली पॉलिसी टिकते. तुमच्याकडे राहील ती नोंदवही. साधं शीट करा: घर, मालक, कंपनी, पॉलिसी क्रमांक, सुरू आणि संपण्याची तारीख, विम्याची रक्कम, चटई क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, कर्ज देणारी बँक, घरात आज कोण आणि कशासाठी राहतं, करार कधी संपतो. पॉलिसी संपायच्या 45 दिवस आधी पहिली आठवण, 15 दिवस आधी दुसरी, दोन्ही मालकाला लेखी. आणि प्रत्येक घराचे फोटो, मेच्या वादळांच्या आधी आणि जूनच्या पावसाच्या आधी, छत, टाकी, वायरिंगचा बोर्ड, खोल्या, तारखेसकट. आप्पांच्या घराचे असे फोटो आज असते तर कंपनीकडून नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरशी अर्धी बोलणी तिथेच संपली असती.

नुकसान झालंच तर पहिला फोन कंपनीला, दुसरा मालकाला, मिस्त्रीला तिसरा. मलबा उचलण्याआधी फोटो आणि व्हिडिओ. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री टाकायलाच हवी, लाइटचा मेन बंद करायलाच हवा, त्याच्या पावत्याही ठेवा. मोडलेल्या वस्तू सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांची एफआयआर. तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे विम्याचं काम झालं, अशी गैरसमजूत गावोगाव आहे. तो सरकारी मदतीसाठी असतो. विम्याला आधार म्हणून जोडावा, पण कंपनीला वेगळं कळवावंच लागतं. सर्व्हेअर नेमण्यासाठी कंपनीला 24 तास आहेत, त्याच्या अहवालासाठी 15 दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयासाठी 7 दिवस, असं विमा नियामक आयआरडीएआयनं 2024 मध्ये ठरवून दिलं आहे. उशीर होत असेल तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावर मालकानं तक्रार टाकावी किंवा 155255 वर फोन करावा. क्लेमच्या काळात सर्व्हेअरला घर उघडून देणं, कागद पोचवणं यासाठी मालकाकडून तुमच्या नावाचं अधिकारपत्र घेऊन ठेवा. आखातातल्या मालकांसाठी, सह्या करायचीही वेळ येणार असेल तर, वकिलाकडून नीट मुखत्यारपत्र करून घ्या.

कमिशनचं तुम्ही शेवटी विचारलंत, मीही शेवटी सांगते. आज आहात तसे, म्हणजे विमा एजंटाचा परवाना नसताना, विमा विकून कमिशन घेता येत नाही. विमा कायद्याचं कलम 40 त्याला आडवं येतं. आणि उद्या परवाना मिळाला तरी त्या कमिशनातून मालकाला काही परत देऊन ग्राहक ओढता येत नाही, ते कलम 41 खाली रिबेट ठरतं. नोंदी ठेवणं, फोटो काढणं, आठवण देणं, क्लेमच्या दिवशी घरी हजर राहणं, या कामाचे पैसे मात्र तुम्ही उघडपणे मागा. वर्षाला घरामागे ठरावीक रक्कम, हप्त्याच्या टक्केवारीत नाही, आणि मालकाबरोबरच्या करारात लिहून. लोक हे काम फुकट करून घेतात आणि बिघडलं की दोष देतात, हे मला बरोबर वाटत नाही. विम्याचं काम खरंच आवडत असेल तर पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणजे पीओएसपी, ही वाट आहे. दहावी पास असावं लागतं, एखाद्या विमा कंपनीकडून किंवा ब्रोकरकडून 15 तासांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची. पीओएसपीला विकता येणाऱ्या पॉलिसींच्या यादीत घराचा विमा आहे. पीओएसपी झालात तर ज्या मालकाला पॉलिसी देता त्याला सांगा की यात मला कमिशन मिळतं, आणि दुसऱ्या कंपनीचा दरही त्याच्यासमोर ठेवा.

आप्पांचं पत्र या आठवड्यात जाऊ द्या. मसुदा मला पाठवायचा असेल तर पाठवा, नावं आणि पॉलिसी क्रमांक झाकून. मी वाचून कळवते.